शालेय रसग्रहण-लेखन : वाचनापासून प्रतिपादनापर्यंत

प्रस्तावना

पदवीच्या प्रथम वर्षास मराठी विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यासमोर एखादी अपरिचित कविता ठेवली आणि तिच्याविषयी एक पान लिहावयास सांगितले, तर बहुधा दोन प्रकारचे लेखन हाती येते. पहिल्या प्रकारात कविता गद्यात पुन्हा सांगितलेली असते. दुसऱ्या प्रकारात विशेषणांची रांग असते : ‘हृदयस्पर्शी चित्रण’, ‘वास्तववादी आशय’, ‘साधी, सोपी व ओघवती भाषा’. ही वाक्ये त्या कवितेखालून उचलून दुसऱ्या कोणत्याही कवितेखाली ठेवली, तरी काहीच बिघडत नाही. विद्यार्थ्याने स्वतः काय वाचले, हे या दोन्ही प्रकारांतून कळत नाही.

या उणिवेचे मूळ शालेय स्तरावरील रसग्रहण-लेखनात शोधावे लागते. मार्गदर्शिकेतील तयार उत्तर पाठ करून लिहिण्याची सवय तेथेच जडते. आता तर तयार उत्तर भ्रमणध्वनीवर काही क्षणांत मिळू लागले आहे. अशा वेळी रसग्रहणाचे प्रयोजन काय, हा प्रश्न अध्यापकाला टाळता येत नाही. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा व परिसरातील महाविद्यालयांत येणारे अनेक विद्यार्थी हे आपल्या घरातील उच्च शिक्षण घेणारी पहिलीच पिढी असतात. एखाद्या लिखित मजकुराविषयी स्वतःचे मत बनवावे, त्यास आधार द्यावा आणि ते चारचौघांसमोर मांडावे, ही संधी त्यांना प्रथम भाषेच्या तासालाच मिळते. ती घोकंपट्टीत वाया गेली, तर ‘आपल्या वाचनाला किंमत नाही’ एवढाच धडा शिल्लक राहतो. म्हणून चांगले रसग्रहण कसे लिहावे आणि ते कसे शिकवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. संज्ञाविचार

‘रसग्रहण’, ‘आस्वाद’, ‘समीक्षा’ आणि ‘टीका’ या संज्ञा शालेय व्यवहारात पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. त्यांतील भेद स्थूलमानाने असा सांगता येईल. आस्वाद हा वाचकाचा अनुभव आहे. तो मूकही असू शकतो. रसग्रहण म्हणजे त्या अनुभवाचा उलगडा होय. कलाकृतीतील कोणत्या घटकांमुळे तो अनुभव आला, हे त्यात दाखवावयाचे असते. समीक्षेत याच्या पुढे जाऊन मूल्यनिर्णय अपेक्षित असतो, तर टीका या शब्दाला व्यवहारात दोषदर्शनाची छटा चिकटली आहे. जुन्या ग्रंथव्यवहारात मात्र ‘टीका’ म्हणजे मूळ ग्रंथाचे विवरण असाच अर्थ होता.

‘रस’ ही संकल्पना भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तून आलेली आहे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, असे भरताने मांडले. शालेय उत्तरात या सूत्राचा वापर बहुतेक वेळा ‘या कवितेत करुण रस आहे’ एवढ्या विधानापुरता होतो. वास्तविक सूत्राचा भर संयोगावर आहे. कोणत्या गोष्टी एकत्र आल्यामुळे करुणाचा प्रत्यय आला, हे सांगितल्याशिवाय रसाचे नाव घेणे म्हणजे रोगाचे नाव सांगून लक्षणे न सांगण्यासारखे आहे.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात २०१८ पासून लागू झालेल्या दहावीच्या ‘कुमारभारती’ पाठ्यपुस्तकात काव्याच्या रसग्रहणासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे समोर ठेवलेले आहेत. ही विभागणी उपयुक्त आहे. परंतु विद्यार्थी तिच्याकडे तीन रिकाम्या चौकटी म्हणून पाहतो आणि प्रत्येक चौकटीत पाठ केलेली दोन वाक्ये भरतो. भाषेच्या कोणत्या वैशिष्ट्यामुळे आशय असा झाला, हा संबंधाचा प्रश्न विचारलाच जात नाही. रसग्रहणाचा गाभा मात्र या संबंधातच आहे.

२. परिसरातील दोन आदर्श : निरूपण आणि कुरुंदकर

साहित्यकृतीचे विश्लेषण ही बाहेरून आलेली, केवळ परीक्षेपुरती गोष्ट आहे, असा विद्यार्थ्याचा समज असतो. परंतु त्याने ती गावातील हरिनाम सप्ताहात अनेकदा ऐकलेली असते. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे, आणि वारकरी कीर्तनाची परंपरा या भागात आजही जिवंत आहे. कीर्तनकार एक अभंग निवडतो. त्याचे एकेक चरण घेऊन शब्दांचा अर्थ उलगडतो. हाच शब्द का योजला आणि दुसरा का नाही, असा प्रश्न उपस्थित करतो. आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी ‘ज्ञानेश्वरी’तील किंवा गाथेतील वचने ‘प्रमाण’ म्हणून देतो. शेवटी पुन्हा मूळ चरणाकडे येतो. एक मजकूर, त्याचे सूक्ष्म वाचन, शब्दाची चिकित्सा, प्रमाण आणि समारोप हे चांगल्या विश्लेषक निबंधाचे घटक निरूपणात आधीपासूनच आहेत.

दोहोंत एक महत्त्वाचा फरकही आहे, आणि तो विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितला पाहिजे. कीर्तनाचा सिद्धान्त आधीच निश्चित असतो. श्रोता तो मान्य करूनच बसलेला असतो. रसग्रहणाचा निष्कर्ष मात्र वाचनातून निघावा लागतो, आणि पुरावा विरुद्ध गेला तर तो बदलण्याची तयारी ठेवावी लागते.

दुसरा आदर्श याच तालुक्यातील आहे. मराठीतील अग्रगण्य समीक्षक व विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांचा जन्म कळमनुरी तालुक्यातील नांदापूरचा. तेव्हा हे गाव परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला आणि ते या जिल्ह्यात आले. कुरुंदकरांनी नांदेडच्या प्रतिभा निकेतन विद्यालयात शिक्षक म्हणून काम केले. पुढे ते पीपल्स कॉलेजमध्ये प्राध्यापक व प्राचार्य झाले. ‘रूपवेध’, ‘धार आणि काठ’, ‘पायवाट’ यांसारख्या ग्रंथांतून त्यांनी साहित्यविचार मांडला. शालेय वर्गातील अध्यापन आणि गंभीर समीक्षा ही परस्परांपासून दूर असलेली क्षेत्रे नाहीत, याचे त्यांच्याइतके जवळचे उदाहरण या परिसरात दुसरे नाही.

रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ (१९६८) या कादंबरीला कुरुंदकरांचे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. अध्यापकांनी ते लेखनपद्धतीच्या दृष्टीने पुन्हा वाचावे असे आहे. लेखकाशी स्नेह असूनही त्यात केवळ गौरव नाही. प्रश्न उपस्थित करणे, पुराव्याचे वजन पाहणे, प्रचलित उत्तर तपासून घेणे आणि मगच आपले मत मांडणे, असा त्याचा क्रम आहे. त्या पत्राचा आवाका शालेय विद्यार्थ्याला झेपणारा नाही. त्याचा क्रम मात्र त्याला निश्चित शिकविता येतो.

३. वाचनातील अडथळे : रिचर्ड्स यांचा प्रयोग

कुरुंदकरांनी ज्यांच्या कलाविचारावर ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ हा ग्रंथ लिहिला, त्या आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिज विद्यापीठात केलेला प्रयोग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव व काळ न सांगता कविता दिल्या आणि त्यांवर मोकळेपणाने लिहावयास सांगितले. अशा १३ कवितांवरील अभिप्रायांचे विश्लेषण त्यांनी १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात प्रसिद्ध केले. निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. उत्तम शिक्षण मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकीही अनेकांना कवितेचा सरळ अर्थच लागलेला नव्हता. नाव झाकल्याबरोबर थोर कवितेला क्षुद्र आणि सामान्य कवितेला थोर ठरविण्याचे प्रकार घडले होते.

रिचर्ड्स यांनी वाचनातील दहा अडचणी नोंदविल्या. त्यांपैकी चार आपल्या वर्गात रोज दिसतात. पहिली अडचण सरळ अर्थ न लागण्याची. विद्यार्थी कर्ता-कर्म-क्रियापदाचा संबंध न लावता ‘भावार्था’कडे धाव घेतो. दुसरी अडचण असंबद्ध स्मरणाची. कवितेत पाऊस आला की आपल्या गावच्या पुराची हकिकत सुरू होते आणि कविता बाजूला राहते. तिसरी अडचण साचेबद्ध प्रतिसादाची. आई म्हटले की वात्सल्य, शेतकरी म्हटले की कष्ट, झाड म्हटले की परोपकार, असे प्रतिसाद आधीच तयार असतात. चौथी अडचण मतांच्या ओढीची. कवितेतील विचार पटला तर ती चांगली आणि न पटला तर वाईट, असा निर्णय होतो.

हा प्रयोग आपल्या विद्यार्थ्यांसाठी दिलासा देणाराही आहे. वाचनातील चूक ही ग्रामीण विद्यार्थ्याची किंवा मराठी माध्यमाची खूण नाही. ती अप्रशिक्षित वाचनाची खूण आहे, आणि प्रशिक्षणाने ती दूर होऊ शकते.

४. निरीक्षणापासून अनुमानापर्यंत

विश्लेषण म्हणजे नेमके काय करावयाचे, हे व्याख्येने समजत नाही. त्यासाठी उदाहरण घ्यावे लागते. पुढील छोटा उतारा केवळ अध्यापनाच्या सोयीसाठी रचलेला आहे :

आईने चूल विझवली. पितळी डब्याचे झाकण उघडून तिने आत पाहिले आणि आवाज न करता ते पुन्हा लावले. बाप ओसरीवर बसला होता. ‘जेवलीस का?’ त्याने विचारले. ‘मघाच,’ ती म्हणाली आणि कंदिलाची वात खाली केली.

यावरील रूढ पद्धतीचे उत्तर असे असेल : ‘प्रस्तुत उताऱ्यात लेखकाने ग्रामीण जीवनातील दारिद्र्याचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे. आई ही त्यागाची मूर्ती आहे. भाषा साधी व सोपी आहे.’ या उत्तरात चुकीचे काहीच नाही. परंतु यात उताऱ्यातील एकही शब्द पाहिलेला नाही.

विद्यार्थ्याला प्रथम फक्त निरीक्षणे नोंदवावयास सांगावे. ‘गरिबी’ किंवा ‘भूक’ हा शब्द उताऱ्यात नाही. झाकण ‘आवाज न करता’ लावले आहे. बाप स्वयंपाकघरात नाही, ओसरीवर आहे. आईचे उत्तर एकाच शब्दाचे आहे. शेवटी ती वात खाली करते. ही निरीक्षणे कोणालाही नाकारता येणार नाहीत, कारण ती मजकुरात आहेत. त्यानंतर प्रत्येक निरीक्षणाला ‘असे का?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर म्हणजे अनुमान. या टप्प्यावर एक दक्षता अत्यावश्यक आहे : डबा रिकामा आहे, असे उताऱ्यात कोठेही लिहिलेले नाही. ते वाचकाचे अनुमान आहे आणि उत्तरात ते अनुमान म्हणूनच आले पाहिजे.

या मार्गाने लिहिलेला परिच्छेद पुढीलप्रमाणे होईल :

‘या उताऱ्यात भूक हा शब्द येत नाही, तरीही घरात खायला फारसे काही उरले नसावे, असे आईच्या हालचालींवरून सूचित होते. ती डब्याचे झाकण आवाज न करता लावते. रिकाम्या भांड्याचा आवाज ओसरीपर्यंत जाऊ नये, अशी तिची धडपड दिसते. मघाच हे एका शब्दाचे उत्तरही तेच काम करते. लांब उत्तर दिले असते, तर कदाचित आवाजातून खरे कळले असते. वात खाली करण्याने तिचा चेहराही अंधारात जातो. आवाज, शब्द आणि उजेड या तिन्ही गोष्टी ती क्रमाने कमी करते. म्हणून हा उतारा गरिबीपेक्षा ती झाकण्यासाठी करावयाच्या धडपडीविषयी आहे, असे वाटते.’

या परिच्छेदात एकही अवघड शब्द नाही. दहावीचा विद्यार्थी तो लिहू शकतो. रूढ उत्तराहून तो श्रेष्ठ ठरतो, कारण तो दुसऱ्या कोणत्याही उताऱ्याखाली ठेवता येणार नाही. रसग्रहणाची ही सर्वांत सोपी कसोटी आहे.

याच उताऱ्यावर वर्गात मतभेदही होऊ शकतो. एखादा विद्यार्थी म्हणेल, वात खाली केली ती तेल वाचविण्यासाठी. दुसरा विचारील, बापाला हे सारे ठाऊक नसते तर त्याने प्रश्न विचारला असता का? दोन्ही मते उताऱ्याच्या आधाराने मांडता येतात. अध्यापकाने त्यांपैकी एक ‘बरोबर’ ठरवून चर्चा संपविली, तर विश्लेषणाची सुरुवात होते त्याच ठिकाणी ते थांबते.

५. मध्यवर्ती विधान

निरीक्षणे आणि अनुमाने साठली तरी त्यांचा निबंध होत नाही. त्यांना एकत्र बांधणारे एक मध्यवर्ती विधान लागते. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीच्या आधारे हे स्पष्ट करता येईल. धनगरांच्या एका लहान वस्तीवर शाळा चालविण्यासाठी तरुण शिक्षक येतो. तोच निवेदक आहे. वस्तीशी त्याचे नाते जुळते. लोकांच्या श्रमातून तालीम उभी राहते. पुढे दुष्काळ पडतो आणि वस्ती उठून जाते. या कादंबरीविषयी पुढील तीन विधाने पाहावीत.

पहिले : ‘बनगरवाडी ही धनगरांच्या जीवनावरील कादंबरी आहे.’ ही माहिती आहे. ती कोणीही नाकारणार नाही, म्हणून तिच्यावर निबंध उभा राहत नाही. दुसरे : ‘बनगरवाडी ही मराठीतील श्रेष्ठ कादंबरी आहे.’ हा निर्णय आहे, परंतु तो कशाच्या आधारे घेतला, याची दिशा त्यात नाही. तिसरे : ‘बनगरवाडीत शिक्षक गावाला जितके घडवितो, त्याहून अधिक गाव शिक्षकाला घडविते. त्यामुळे शेवटचा दुष्काळ वाचकाला बाहेरच्या माणसाने केलेल्या वर्णनासारखा वाटत नाही.’

तिसरे विधान निबंधाचा पाया होऊ शकते. त्याची कारणे तीन. त्याच्याशी असहमत होता येते. त्याच्यासाठी कादंबरीतील प्रसंगांचा आधार शोधता येतो. आणि ते निवेदनपद्धती, तालमीचा प्रसंग व शेवट या वेगवेगळ्या घटकांना एकत्र जोडते. विद्यार्थ्याने आपले विधान लिहून झाल्यावर या तीन कसोट्या स्वतः लावून पाहाव्यात.

या विधानाविरुद्ध काय म्हणता येईल, याचाही विचार निबंधात आला पाहिजे. निवेदक हा पगारी शिक्षक आहे. दुष्काळात वस्तीवरील माणसांपुढे जगण्याचा प्रश्न उभा राहतो, तसा तो त्याच्यापुढे राहत नाही. मग त्याचे दुःख वस्तीचे दुःख कसे म्हणावे? या आक्षेपाला उत्तर देताना मूळ विधान अधिक काटेकोर होते : निवेदक वस्तीचा झाला तरी तिच्या संकटाचा समान वाटेकरी होऊ शकत नाही, आणि कदाचित हेच अंतर शेवटाला अधिक जाचक बनविते. आक्षेपाचा असा विचार केल्याने निबंध कमकुवत होत नाही. उलट विद्यार्थ्याने पुस्तक दोन्ही बाजूंनी वाचले आहे, याची खात्री पटते.

६. परिच्छेदाची बांधणी

विधान निश्चित झाल्यावर प्रत्येक परिच्छेदात त्याचा एकच पैलू घ्यावा. परिच्छेदाचे पहिले वाक्य मुद्दा सांगणारे असावे. त्यानंतर मजकुरातील आधार यावा. आधारानंतर स्पष्टीकरण यावे आणि शेवटी मध्यवर्ती विधानाशी संबंध जोडला जावा. यांपैकी स्पष्टीकरणाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. विद्यार्थी ओळ उद्धृत करतो आणि ‘यावरून स्पष्ट होते की’ असे लिहून पुढे जातो. कशावरून स्पष्ट होते, हे वाचकाने ओळखावे अशी त्याची अपेक्षा असते. उद्धृत केलेल्या ओळीतील किमान एका शब्दाविषयी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा साधा नियम घालून दिल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो.

अवतरण आवश्यक तेवढेच असावे. संपूर्ण कडवे उतरवून काढल्याने उत्तराची लांबी वाढते, आशय वाढत नाही. कवीचा जन्म, पुरस्कार आणि ग्रंथसूची यांनी सुरुवात करण्याची प्रथाही टाळावी. चरित्रातील माहिती तेव्हाच द्यावी, जेव्हा तिच्यामुळे मजकुरातील एखादी गोष्ट अधिक उलगडते.

समारोपात प्रस्तावनेतील वाक्येच पुन्हा लिहिण्याची सवय असते. समारोपाने एका प्रश्नाचे उत्तर द्यावे : हे वाचन मान्य केले, तर कलाकृतीत आधी न दिसलेले काय दिसू लागते?

७. काव्याचे रसग्रहण : संबंधांचा शोध

कवितेच्या बाबतीत अलंकार ओळखणे हेच रसग्रहण, असा समज दृढ आहे. ‘येथे उपमा अलंकार आहे’ हे निरीक्षण आहे, विश्लेषण नाही. उपमेयाला हेच उपमान का दिले आणि त्या उपमानाबरोबर आणखी कोणते अर्थ येतात, येथपर्यंत गेल्यावर विश्लेषण सुरू होते.

या कामी बा. सी. मर्ढेकर यांच्या सौंदर्यविचाराचे सुलभ रूप उपयोगी पडते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा विचार मांडला. त्यातील तात्त्विक वाद शालेय वर्गात नेण्याचे कारण नाही. परंतु त्यांवरून तीन प्रश्न तयार करता येतात. कवितेत कोणत्या गोष्टी एकमेकींशी जुळतात? कोणत्या एकमेकींना छेद देतात? आणि शेवटी त्यांचा तोल कसा साधला आहे, किंवा मुद्दाम मोडला आहे? हे प्रश्न शब्द, प्रतिमा, नाद आणि भावना या चारही पातळ्यांवर विचारता येतात. त्यामुळे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये हे वेगळे पडलेले तीन मुद्दे परस्परांशी जोडले जातात.

८. बोली आणि अनुभव

डोंगरकडा परिसरातील विद्यार्थ्यांची घरची भाषा बहुधा मराठवाडी बोली असते. काहींच्या घरी बंजारा किंवा उर्दू बोलली जाते. प्रमाण मराठीत औपचारिक निबंध लिहिणे हे त्यांच्यासाठी दुहेरी काम असते. मजकूर समजून घ्यावयाचा आणि समजलेले परक्या वाटणाऱ्या भाषेत मांडावयाचे. पाठ केलेली विशेषणे येथेच आधाराला येतात, कारण ती ‘शुद्ध’ असतात. विद्यार्थी मूर्ख किंवा आळशी असतो म्हणून ती वापरतो, असे नव्हे. चुकण्यापेक्षा उसने बोलणे त्याला सुरक्षित वाटते.

यावर उपाय म्हणजे विचाराचा टप्पा आणि प्रमाणलेखनाचा टप्पा वेगळे ठेवणे. निरीक्षणे आणि पहिली चर्चा विद्यार्थ्याच्या बोलीतच होऊ द्यावी. मुद्दा पक्का झाल्यावर तो प्रमाण मराठीत लिहवून घ्यावा. बोलीत साहित्यमूल्य असू शकते, हे पटविण्यासाठी बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण पुरेसे आहे. खानदेशातील बोलीत त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि मराठी काव्यात त्यांना मानाचे स्थान मिळाले.

ग्रामीण विद्यार्थ्याचा अनुभव हे रसग्रहणातील भांडवल आहे. औत, खळे, जाते, पाणवठा हे शब्द त्याला कोशात पाहावे लागत नाहीत. परंतु रिचर्ड्स यांनी सांगितलेला असंबद्ध स्मरणाचा धोकाही येथेच आहे. अनुभवाने शब्द समजून घ्यावा, शब्द बाजूला सारून अनुभव सांगू नये, ही मर्यादा उदाहरणांनी शिकवावी लागते. जात्यावर दळताना हाताला काय होते, हे ठाऊक असलेली विद्यार्थिनी दळणाच्या कवितेतील लय अधिक अचूकपणे सांगू शकेल. मात्र तिचे प्रत्येक वाक्य अखेरीस कवितेकडे परत आले पाहिजे.

९. अध्यापन आणि मूल्यमापन

वरील विचार तीन तासिकांत अमलात आणता येतो. पहिल्या तासिकेत कवीचे नाव न सांगता एक लहान कविता द्यावी. ती दोनदा मोठ्याने वाचावी आणि प्रत्येकाने केवळ पाच निरीक्षणे लिहावीत. विशेषणांना बंदी असावी. दुसऱ्या तासिकेत निरीक्षणांवरून अनुमाने काढावीत, मतभेद फळ्यावर लिहावेत आणि प्रत्येकाने एक मध्यवर्ती विधान तयार करावे. तिसऱ्या तासिकेत दोन परिच्छेद लिहून शेजारच्या विद्यार्थ्यास वाचावयास द्यावेत. शेजाऱ्याने एकच प्रश्न विचारावा : ‘हे कशावरून?’ जेथे उत्तर मिळत नाही, ते वाक्य पुन्हा लिहावे.

मूल्यमापन बदलल्याशिवाय लेखन बदलत नाही. तयार उत्तराला पूर्ण गुण आणि स्वतंत्र परंतु अडखळत्या उत्तराला निम्मे गुण मिळत असतील, तर विद्यार्थी योग्य तोच बोध घेतो. अंतर्गत मूल्यमापनासाठी २० गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल : अचूक वाचनास ५, मध्यवर्ती विधानास ५, आधार व स्पष्टीकरणास ५, मांडणीस ३ आणि शुद्धलेखनास २. यात शुद्धलेखनाची उपेक्षा नाही. परंतु ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांमुळे चांगले वाचन गुणांत बुडून जाणार नाही, याची तजवीज आहे. परीक्षकाच्या मतापेक्षा वेगळे, पण साधार मत मांडणाऱ्या उत्तरास पूर्ण गुण देता येतात, हे विद्यार्थ्यांना आधी सांगितले पाहिजे आणि एकदा तरी प्रत्यक्ष करून दाखविले पाहिजे.

या मार्गात अडचणी आहेत. वर्गातील संख्या मोठी असते, अभ्यासक्रम वेळेत संपवावा लागतो आणि दोन परिच्छेद तपासणे हे एक तयार उत्तर तपासण्यापेक्षा वेळखाऊ असते. त्यामुळे सर्वच पाठांसाठी ही पद्धत शक्य होणार नाही. परंतु एका सत्रात दोन कविता आणि एक कथा एवढ्यांपुरती ती राबविली, तरी उरलेल्या पाठांकडे विद्यार्थी वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

समारोप

चांगल्या रसग्रहणाची रचना अशी : मजकुराचा सरळ अर्थ, नाकारता न येणारी निरीक्षणे, त्यांवरून काढलेली अनुमाने, त्यांना बांधणारे वादयोग्य विधान, शब्दाच्या आधाराने केलेले स्पष्टीकरण आणि विरुद्ध मताचा प्रामाणिक विचार. यांतील एकही टप्पा विशेष बुद्धिमत्तेची अपेक्षा करीत नाही. प्रत्येक टप्पा सरावाने साध्य होतो.

तयार उत्तरे यापुढे अधिकच सुलभ होत जातील. म्हणून रसग्रहणाचे महत्त्व उत्तराच्या गोंडसपणात राहिलेले नाही. ते ‘हे कशावरून?’ या प्रश्नाला सामोरे जाण्यात आहे. कवितेपुढे हा प्रश्न विचारावयास शिकलेला विद्यार्थी उद्या जाहिरात, भाषण, शासकीय परिपत्रक किंवा कर्जाचा करारनामा वाचतानाही तोच प्रश्न विचारील. नांदापूरला जन्मलेल्या आणि नांदेडच्या शाळेत शिकविणाऱ्या एका शिक्षकाने हा प्रश्न महाराष्ट्राच्या विचारविश्वासमोर निर्भयपणे ठेवला होता. त्याच तालुक्यातील वर्गांत तो पुन्हा ऐकू यावा, यासाठी भाषेच्या अध्यापकाला आठवड्यातील एक तासिका राखून ठेवता आली, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.